दफनानंतरचं जेवण : अलाबामातल्या एका लहान गावच्या चर्चचं स्वयंपाकघर

अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपीकडच्या लहान गावात कुणी गेलं की पहिला फोन फ्युनरल होमला (अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या संस्थेला) होतो, दुसरा पास्टरला, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, आणि तिसरा चर्चच्या जेवणाच्या कमिटीतल्या प्रमुख बाईंना. प्रोटेस्टंटांतला पंथ बॅप्टिस्ट असो वा मेथडिस्ट, गावातल्या बहुतेक चर्चमध्ये अशी कमिटी असते. तिचं काम दोन पदरी. पहिले तीन-चार दिवस घरच्यांवर चूल पेटवायची वेळ येऊ नये, आणि दफनाच्या दिवशी बाहेरगावहून आलेल्या सगळ्यांना चर्चच्या हॉलमध्ये बसून गरम जेवता यावं. आपल्याकडे दुःखाच्या घरी शेजारी पिठलं-भात नेऊन देतात, त्याच जातीचं हे काम. फक्त इथे ते साठ-सत्तर पानांवर जातं, म्हणून त्याला यादी, वही आणि थर्मामीटर लागतो.

इकडच्या लहान गावांत डॉक्टर, प्राध्यापक, इंजिनिअर म्हणून आलेली मराठी कुटुंबंही राहतात. शेजारी किंवा सहकारी गेला की त्यांच्याकडेही निरोप येतो, ‘एक डिश घेऊन या.’ काय न्यायचं, किती न्यायचं आणि तिथे गेल्यावर हात कुठे लावायचा, हे कुणी सांगत नाही. या स्वयंपाकघरात काम करताना जे कळत जातं ते इथे मांडते आहे.

सगळ्या कामाचा पाया एका नियमावर आहे : घरच्यांना कमीत कमी प्रश्न. कमिटीकडून एकच बाई फोन करते, तोही विधवेला किंवा मुलांना नाही, तर जावई, वहिनी, मावसबहीण अशा एका पायरीने दूरच्या माणसाला. विचारायचं चारच गोष्टींचं. विधी कधी आणि कुठे, जेवण विधीच्या आधी की नंतर, घरचे आणि नातेवाईक मिळून किती, आणि कुणाला मधुमेह किंवा ॲलर्जी आहे का. विधी सकाळी अकराला असेल तर जेवण दफनानंतर. दुपारी दोनला असेल तर घरच्यांना साडेबाराला जेवू घालून मग चर्चमध्ये न्यायचं, नाहीतर म्हातारी माणसं दिवसभर उपाशी राहतात. आकडा मात्र जसाच्या तसा धरायचा नाही. घरातून ‘चाळीस’ सांगतात तेव्हा त्यात नातवंडं, शवपेटी उचलणारे सहाजण आणि त्यांच्या बायका, पियानो वाजवणारी, पास्टरचं कुटुंब हे धरलेलेच नसतात. चाळीसचे पंचावन्न-साठ धरले की अंदाज बरोबर येतो.

मृत्यू आणि दफन यांत साधारण तीन-चार दिवस जातात. देह टिकावा म्हणून रसायनांनी शवलेपन केलेलं असल्याने घाई नसते, आणि ह्यूस्टन किंवा अटलांटाहून नातेवाईक गाडीने येणार असतात. दफनाच्या आदल्या संध्याकाळी फ्युनरल होममध्ये दोन-तीन तास भेटायला येणाऱ्यांची रांग असते. घरचे तिथे तेवढा वेळ उभे राहतात, म्हणून त्या दिवशी चार-साडेचारलाच घरी जेवण पोचलेलं हवं.

घरी पहिल्या दिवशी न्यायच्या गोष्टी बऱ्याचशा अन्नाच्या नसतातच. कागदी ताटल्या, ग्लास, नॅपकिन, टॉयलेट पेपरचा मोठा गठ्ठा, कॉफी, दूध, कचऱ्याच्या पिशव्या, बर्फाच्या दोन मोठ्या पिशव्या आणि एक कूलर. पंधरा माणसं एका घरात उतरली की संध्याकाळपर्यंत फ्रिज भरतो, मग आलेलं ठेवायचं कुठे हा प्रश्न होतो, कूलर त्यासाठी. दुसरी अडचण अशी की सगळे रात्रीचं जेवणच आणतात, न्याहारी कुणीच आणत नाही. म्हणून कमिटीतल्या दोघींनी अंडी, ब्रेड आणि चीजचं कॅसरोल (ट्रेत रचून ओव्हनमध्ये भाजायचा पदार्थ) आदल्या रात्री रचून द्यायचं. सकाळी घरातल्या कुणीही ते नुसतं ओव्हनमध्ये सरकवावं. तिसरी अडचण हॅमची, म्हणजे डुकराच्या मांडीच्या खारवलेल्या मांसाची. नियंत्रण नसेल तर एका घरात चार हॅम येऊन पडतात आणि भाजी एकही नसते. ‘हॅम झालं आहे, तुम्ही फळं आणा’ असं स्पष्ट सांगायला संकोच करायचा नाही. ‘काही लागलं तर सांगा’ या वाक्याचा या घरात काडीचाही उपयोग होत नाही, कारण सांगायला लावणं हेच त्या माणसावर ओझं असतं. बर्फ घेऊन दारात उभं राहावं, आत ठेवावा आणि निघावं.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक वही आणि पेन ठेवायचं. तीन रकाने : कुणी आणलं, काय आणलं, भांडं कसलं आहे. ही वही लिहायला एक माणूस नेमलेला असावा, कारण घरच्यांना पुढच्या काही आठवड्यांत प्रत्येकाला हाताने लिहून आभाराचं कार्ड पाठवायचं असतं आणि वहीत नाव नसेल तर ते राहून जातं. चर्चमध्ये विधी चालू असताना घरात एकजण थांबतो. मृत्यूच्या बातमीत विधीची वेळ छापलेली असते, म्हणजे घर कधी रिकामं असेल हे चोरालाही कळतं. शिवाय त्या वेळातही दारात डिश येतच राहतात.

आता हॉलमधलं जेवण. साठ माणसांसाठी धरायचं प्रमाण असं : तळलेलं चिकन नव्वद ते शंभर तुकडे, म्हणजे आठ तुकड्यांची बारा कोंबडी, हाडासकट हॅम वीस पौंड, भाज्या आणि कॅसरोलचे तेरा बाय नऊ इंचांचे सोळा ते अठरा ट्रे, सहा डझन अंड्यांची डेव्हिल्ड एग्ज (उकडलेल्या अंड्यांच्या अर्धुकांत कालवलेला बलक परत भरतात), म्हणजे १४४ अर्धुकं, आठ डझन रोल, केक आणि ‘पाय’ (गोड सारण भरून भाजलेला पदार्थ) मिळून सात-आठ, गोड चहा सहा गॅलन (एक गॅलन म्हणजे साधारण पावणेचार लिटर), बिनसाखरेचा दोन गॅलन, बर्फ सत्तर-ऐंशी पौंड. तेरा बाय नऊचा ट्रे एरवी बारा-पंधरा जणांना पुरतो, पण इथे प्रत्येकजण सगळ्यातलं चमचा-चमचा घेतो, त्यामुळे वीस जणांपर्यंत जातो. अंडी कितीही करा, ती सगळ्यात आधी संपतात.

हे पदार्थ रविवारच्या बायबल-वर्गांत वाटून दिले जातात. एका वर्गाने भाज्या, दुसऱ्याने सॅलड, तिसऱ्याने गोड. ‘जे जमेल ते आणा’ म्हटलं की सात मॅकरोनी-चीज आणि दोन बरण्या लोणची येतात. चिकन मात्र घरी कुणी तळत बसत नाही. किराणा दुकानाच्या डेलीत, म्हणजे तयार अन्नाच्या विभागात, आदल्या दिवशी ऑर्डर द्यायची. आणायला जायचं ते विधी चालू असताना, त्याआधी नाही. डबा घट्ट बंद ठेवला की वाफेने वरचं कुरकुरीत आवरण लोळागोळा होतं. झाकण अर्धवट उघडून, तुकडे जाळीवर पसरून २०० फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये ठेवले तर तासभर नीट टिकतात. काप केलेलं हॅम उलट लवकर सुकतं. कापलेली बाजू खाली, ट्रेत कपभर पाणी, वरून फॉइल घट्ट.

बिघडतं ते बहुतेक पिवळ्या स्क्वॉशचं (भोपळ्याच्या जातीच्या भाजीचं) कॅसरोल. उन्हाळ्यात प्रत्येकाच्या परसात हा स्क्वॉश उतू जातो, त्यामुळे ते येणारच. एका ट्रेला तीन पौंड स्क्वॉश आणि एक मोठा कांदा मऊ शिजवायचा आणि चाळणीत वीस मिनिटं निथळत ठेवायचा. नुसतं निथळणं पुरत नाही. वरून बशी ठेवून हाताने दाबायचं, आणखी वाटीभर पाणी सुटतं. ते पाणी राहिलं तर ओव्हनमधून बाहेर येतं ते कॅसरोल नसतं, चीज तरंगणारं सूप असतं. मग दोन अंडी, दोन कप किसलेलं चेडर, अर्धा कप मेयोनीज, मीठ, मिरपूड. मेयोनीज इथे बहुतेकींच्या फ्रिजमध्ये ड्यूक्सचंच असतं. साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल गावी १९१७ साली युजिनिया ड्यूक यांनी सँडविच विकायला सुरुवात केली, तिथून ते आलं. त्यात साखर नसते, म्हणून अंड्यांत आणि बटाट्यात चव बसते. वरचा थर रिट्झ बिस्किटांचा : एक पुडा चुरून चार टेबलस्पून वितळलेल्या लोण्यात घोळवलेला. हा चुरा वेगळ्या पिशवीत न्यायचा आणि चर्चच्या ओव्हनमध्ये सरकवताना घालायचा. घरून घालून नेला की पोचेपर्यंत मऊ पडतो. ३५० फॅरनहाइटला अर्धा तास.

गोड चहा सोपा वाटतो आणि तिथेच फसगत होते. हा आपल्यासारखा उकळायचा नाही. एका गॅलनसाठी लिटरभर पाणी उकळून आचेवरून उतरवायचं, मोठ्या आकाराच्या तीन-चार चहाच्या पिशव्या आणि चिमूटभर खायचा सोडा टाकून दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. सोड्याने तुरटपणा मरतो आणि रंग स्वच्छ राहतो. पिशव्या काढताना पिळायच्या नाहीत, पिळल्या की कडवटपणा उतरतो. गरम असतानाच एक ते दीड कप साखर विरघळवायची, मग गार पाणी घालून गॅलन पुरा करायचा. गरम चहा तसाच फ्रिजमध्ये ठेवला तर गढूळ होतो. चवीला फरक नाही, पण काचेच्या भांड्यात तो शिळा दिसतो आणि लोक घेत नाहीत. बिनसाखरेच्या भांड्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी हवी. मधुमेही माणसाने चुकून गोड घेतला तर तो नुसता चवीचा प्रश्न राहत नाही. अशीच गल्लत होऊ नये म्हणून कॅफीन नसलेल्या कॉफीच्या भांड्यालाही नारिंगी टेप लावतात.

कॉफीवरून विजेकडे येऊ, कारण ऐन वेळी सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. शंभर कपांचा कॉफीचा पिंप साधारण १५०० वॉट घेतो, मोठा इलेक्ट्रिक रोस्टर (अन्न भाजायचं, गरम ठेवायचं विजेचं भांडं) १४५० च्या आसपास. इथली वीज १२० व्होल्टची, म्हणजे प्रत्येकी बारा-साडेबारा अँपिअर. स्वयंपाकघरातल्या सर्किटचा ब्रेकर वीस अँपिअरचा, जुन्या इमारतीत पंधराचा. दोन्ही एकाच सर्किटवर लावले की ब्रेकर पडतो, आणि तो पडलेला कुणाच्या लक्षात येतो ते अर्ध्या तासाने, कॉफी कोमट लागल्यावर. शेजारशेजारचे दोन प्लग बऱ्याचदा एकाच सर्किटवर असतात, त्यामुळे ‘वेगळ्या प्लगला लावलं’ याला अर्थ नाही. एका शनिवारी दुपारी ब्रेकर एकेक करून पाडून कोणता प्लग कशावर आहे ते पाहावं आणि प्रत्येक प्लगवर मार्करने आकडा लिहावा. रोस्टरला पातळ एक्स्टेंशन वायर कधीच लावायची नाही, ती तापते. स्लो कुकर दोनशे-तीनशे वॉटचेच असतात, ते तीन-चार एका सर्किटवर चालतात. पिंपात पाणी थंडच भरायचं. कोमट भरलं तर थर्मोस्टॅट लवकर बंद होतो आणि कॉफी पांचट होते. पिंपभर कॉफी गाळून व्हायला तास लागतो, हे वेळापत्रकात धरलेलं हवं.

अन्न टिकवण्याचे नियम चर्चलाही तेच : गरम पदार्थ १४० फॅरनहाइटच्या (६० सेल्सियस) वर, थंड ४० च्या (४ सेल्सियस) खाली, आणि मधल्या तापमानात दोन तासांहून जास्त नाही. उन्हाळ्यात बाहेर झाडाखाली टेबल मांडली असतील आणि पारा नव्वद फॅरनहाइटच्या (३२ सेल्सियस) वर असेल तर एकच तास. बटाट्याच्या सॅलडने पोट बिघडलं की दोष मेयोनीजला देतात. पण बाजारातलं मेयोनीज आंबट असतं, त्यात जंतू सहज वाढत नाहीत. बिघडतात ते बटाटे आणि अंडी. म्हणून सॅलडचं भांडं बर्फाच्या ट्रेमध्ये बसवायचं आणि एकदम सगळं बाहेर न काढता अर्धं फ्रिजमध्येच ठेवायचं.

दफनभूमी गावाबाहेर असली की परतायची वेळ सांगता येत नाही. गाड्यांची रांग दिवे लावून हळू जाते. समोरून येणारे रस्त्याकडेला थांबून वाट देतात. त्यामुळे कबरीपाशी असलेल्या एका डीकनला (चर्चच्या कामात पास्टरला मदत करणाऱ्या सभासदाला) सांगून ठेवायचं की शेवटची प्रार्थना झाली की मेसेज कर. मेसेज आला की ट्रे ओव्हनमधून टेबलावर, ग्लासांत बर्फ, आणि सगळ्यात शेवटी चिकन. टेबल भिंतीपासून ओढून दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल असं मांडायचं, रांग निम्म्या वेळात सरते. ताटल्या सुरुवातीला, काटे-चमचे नॅपकिनमध्ये गुंडाळून शेवटाला, नाहीतर हातात तीन गोष्टी धरून लोक वाढून कसे घेणार. चहा आणि गोड वेगळ्या टेबलांवर, कारण रांग तुंबते ती नेहमी बर्फापाशी.

पास्टर आभाराची प्रार्थना करेपर्यंत कुणी ताटली उचलत नाही. मग घरचे आधी. ज्यांना उभं राहवत नाही अशांची पानं कमिटीतल्या बायका भरून नेतात. इथे विचारत बसायचं नाही, थोडं-थोडं सगळं वाढायचं. विधवा जेवत नाही हे गृहीत धरून तिच्यासाठी एक ताटली फॉइलमध्ये बांधून तिच्या बहिणीच्या हाती द्यायची. घरचे बसलेले असताना टेबलं पुसायला, खुर्च्या रचायला सुरुवात करणं हा या कामातला सगळ्यात मोठा उद्धटपणा. कितीही उशीर झाला तरी थांबायचं.

याच गावात दुसऱ्या बाजूला कृष्णवर्णीयांची चर्च आहेत, आणि तिथे या जेवणाला रिपास्ट म्हणतात. अमेरिकेच्या यादवी युद्धापूर्वी (१८६१-६५) गुलाम माणसांना गोऱ्यांच्या चर्चमध्ये बसवत, बऱ्याच ठिकाणी वरच्या सज्जात. दक्षिणेतले बॅप्टिस्ट १८४५ साली ऑगस्टा इथे वेगळे झाले तेही गुलामगिरीच्या प्रश्नावरूनच. १८६५ नंतर मुक्त झालेल्या लोकांनी स्वतःची चर्च बांधली. फ्युनरल होमही अनेक गावांत आजतागायत दोन असतात. रिपास्टच्या कामात जायचं असेल तर वेळेचं गणित बदलतं. विधी बहुधा शनिवारी, आणि मृत्यूनंतर आठवडा किंवा जास्तही जातो. १९१० ते १९७० च्या दरम्यान इथून लाखो कृष्णवर्णीय लोक शिकागो, डेट्रॉइटकडे गेले, त्यांच्या मुला-नातवंडांना तिथून यायचं असतं. गाणी, आठवणी, प्रवचन मिळून विधी दोन तासांच्या पुढे सहज जातो. म्हणून तिथे आचेवर तासन्‌तास टिकणारे पदार्थ मध्यभागी : कॉलर्डची पालेभाजी, चवळी, ओव्हनमधलं मॅकरोनी-चीज. मासे तळायचे असतील तर तेल तापवायचं ते शेवटचं गाणं सुरू झाल्यावर. माझ्या मते स्वयंपाकाची शिस्त शिकायची तर या स्वयंपाकघरात शिकावी. तिथे वेळ हातात नसताना अन्न गरम ठेवावं लागतं.

मराठी घरातून काय न्यावं? मऊ, कमी तिखट, चमच्याने वाढता येईल आणि कोमटही चालेल असं. मटार-गाजराचा पुलाव, कमी मिरचीची बटाट्याची भाजी, काकडीची दह्यातली कोशिंबीर हे पदार्थ संपतात. पण कोशिंबिरीत दाण्याचं कूट घातलं असेल तर वर चिठ्ठी हवीच. शेंगदाण्याची ॲलर्जी जीवघेणी असू शकते, आणि दह्याच्या कोशिंबिरीत कूट असेल हे इथे कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही. साबुदाण्याची खिचडी याच कारणाने नको. आपल्यातल्या शाकाहारी माणसाने तिथे जेवताना दोन गोष्टी पाहाव्यात. फरसबी, चवळी, कॉलर्ड बहुतेकदा हॅमच्या हाडाबरोबर किंवा बेकनबरोबर शिजवलेली असते, आणि रंगीत जेलीच्या सॅलडमध्ये प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं. मॅकरोनी-चीज, डेव्हिल्ड एग्ज खात असाल तर ती, रोल, पाउंड केक यांवर पोट भरतं. नुसतं विचारलं तरी कुणाला राग येत नाही. स्वयंपाकघरातल्या बाई उलट सांगतात की या ट्रेत मांस नाही, तो घ्या. दारू हॉलमध्ये चालत नाही.

जेवण संपल्यावर उरलेल्या अन्नाच्या ताटल्या फोमच्या डब्यांत बांधायच्या. त्या ताटल्या घरी अंथरुणाला खिळलेल्या सभासदांना, फ्युनरल होमच्या माणसांना आणि कबर बुजवणाऱ्यांना जातात. या शेवटच्या दोघांना कुणी आठवणीने देत नाही, म्हणून त्यांच्या ताटल्या आधीच बाजूला काढून ठेवाव्यात. दोन तास बाहेर राहिलेलं चिकन बांधायचं नाही, टाकायचं. हॅमचं हाड गोठवून ठेवायचं, ते बुधवारच्या प्रार्थनेआधीच्या जेवणात चवळीत पडतं.

पैशांचा विषय घरच्यांकडे काढायचा नाही. मांस, चहा, कागदी सामान यांचा खर्च चर्चच्या वार्षिक अंदाजपत्रकातल्या एका ओळीतून होतो, बाकी ज्याची त्याची डिश. घरच्यांनी नंतर पाकीट दिलंच तर ते कमिटीच्या नावाने खजिनदाराकडे जातं.

राहतात भांडी. प्रत्येक भांड्याच्या तळाला मास्किंग टेपवर नाव आणि फोन नंबर हवा. झाकणावर नाही, कारण झाकणं बदलतात. टेप ओल्या भांड्याला चिकटत नाही, म्हणून घरूनच, भांडं कोरडं असताना लावायची. नाव नसलेली भांडी पुढच्या रविवारी दाराजवळच्या टेबलावर मांडतात; महिनाभरात कुणी नेली नाहीत तर ती चर्चच्या कपाटात जमा. ॲल्युमिनियमचे टाकाऊ ट्रे सोयीचे वाटतात, पण भरलेला ट्रे दोन हातांत मधोमध वाकतो आणि अख्खं कॅसरोल जमिनीवर येतं. खाली बेकिंग शीट ठेवूनच तो उचलायचा आणि शीटवरही टेप लावायची, कारण हरवते ती शीटच.